पूर ओसरला; दवाखाना खरंच सुरू झाला का?

पुराचे पाणी उतरले की दोन-चार दिवसांत दवाखान्यातला चिखल उपसला जातो, फरशी धुतली जाते, केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते आणि ‘रुग्णसेवा पूर्ववत’ अशी बातमी येते. ती बहुधा अर्धीच खरी असते. केसपेपर निघू लागला, म्हणून प्रसूतिगृह आणि लसींचा फ्रीज सुरक्षित झाला असे होत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तेथील एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि त्या संकटात आठ रुग्ण दगावले. व्हेंटिलेटरचा जीव विजेच्या तारेत असतो, हे तेव्हा साऱ्या राज्याला कळले. श्रीमंत शहरेही यातून सुटलेली नाहीत. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सरकारी रुग्णालयाची जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती. मात्र त्यांना इंधन पुरवणारे पंप तळघरात बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यावर रांग करून इंधन हातोहात वर पोहोचवले, तरी अखेर रुग्ण हलवावेच लागले. पुढे सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या आणि पूर्ण रुग्णालय फेब्रुवारी २०१३ मध्ये उघडले.

हा ‘टप्प्याटप्प्याने’ शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक सेवा तपासणीनंतरच सुरू व्हावी. भिजलेले विजेचे बोर्ड आणि यंत्रे वाळवून, जाणकाराने तपासल्याशिवाय बटण दाबू नये. निर्जंतुकीकरण आधी चिखल काढल्यावरच होते. गाळ असताना टीसीएल कितीही टाकली तरी तिची शक्ती गाळातच खर्ची पडते. पाण्याची टाकी धुऊन क्लोरीन टाकावे आणि नळाच्या पाण्याची ओटी तपासणी करावी. ऑटोक्लेव्ह नीट चालतो याची खात्री होईपर्यंत टाके घालण्याचे साहित्यही वापरू नये. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिल्या की नाही, हे नोंदीवरून आणि कुपीवरील निर्देशकावरून ठरवावे. शंकास्पद लस टोचण्यापेक्षा ती बाजूला काढणे बरे.

दरम्यान रुग्ण थांबत नाहीत. दिवस भरलेली गरोदर स्त्री, इन्सुलिन घेणारा मधुमेही, डायलिसिसवरचा रुग्ण, क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेला माणूस यांना ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणता येत नाही. पुरानंतर सर्पदंश, जुलाब आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्णही येतात. म्हणून इमारत दुरुस्त होईपर्यंत शाळेत किंवा समाजमंदिरात तात्पुरता दवाखाना आणि जवळच्या सुरक्षित रुग्णालयापर्यंत रुग्णवाहिका, ही पहिल्याच दिवसाची कामे आहेत. भिंतीच्या रंगाची निविदा नंतर निघाली तरी चालेल.

हा केवळ कोकणाचा प्रश्न नाही. वाशिम जिल्ह्यातूनही पैनगंगा, अडाण, अरुणावती वाहतात. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावाला आरोग्य केंद्र आठवडाभर बंद पडणे परवडत नाही. शहरातल्या माणसाला दुसरा दवाखाना गल्लीत सापडतो, इथे तो दुसऱ्या गावी असतो आणि वाटेतल्या पुलावर पाणी असते.

यावरचा मोठा भाग उपाय पैशाचा नाही, आधीच्या विचाराचा आहे. विजेचा मुख्य बोर्ड, लसींचा फ्रीज, औषधसाठा आणि नोंदवह्या पुराच्या रेषेच्या वर आहेत का? पुढच्या महिन्यात प्रसूती होणाऱ्या स्त्रियांची आणि नियमित औषधांवरील रुग्णांची यादी आशाताईंकडे कोरडी, सुरक्षित आहे का? वीज गेली तर लसी कोणत्या केंद्रात, कोणाच्या गाडीने जाणार? रुग्ण कल्याण समितीने हे तीन प्रश्न मे महिन्यातच विचारावेत आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. जुलैमध्ये पाणी दारात आल्यावर विचारायला वेळ उरत नाही.