केसपेपरवर वय सतरा

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढताना नाव, वय, गाव आणि ‘काय होतंय?’ हे सगळं मागच्या रांगेला ऐकू जातं. पाळी चुकलेली सतरा वर्षांची मुलगी तिथे खरं बोलणार नाही. 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो 10 ते 19 वयोगटासाठी. त्याची क्लिनिक्स महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. समुपदेशकाची खोली वेगळी असूनही तिथे जायची वाट या खिडकीवरून असेल, तर ती वाट आधी बदलावी. त्याला कायदादुरुस्ती लागत नाही.

खरा पेच खोलीच्या आत आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यात शरीरसंबंधांना अठराखाली दिलेल्या संमतीला अर्थ नाही. अशा संबंधांची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवायचं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या समुपदेशक ताईंनी विश्वास द्यायचा, त्यांनीच पोलिसांना कळवायचं.

ही सक्ती उगाच आलेली नाही. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचा, कधी घरातलाच असतो आणि ‘आपसात मिटवू’ म्हणणारे नातेवाईक लगेच जमतात. त्यांना नकार देताना डॉक्टरच्या पाठीशी कायदा लागतोच.

पण हाच कायदा बालविवाह झालेल्या मुलीलाही दवाखान्यापासून लांब ठेवतो. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरतो. तो निकाल योग्यच होता. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने यातली एखादी वय चोरते, नाव नोंदवायचं टाळते. रक्तक्षय आणि वाढलेला रक्तदाब वेळेवर सापडायला हवा तो नेमका तिचाच.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट काढली: संमतीच्या संबंधांतून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही. हे तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत लेखी सूचनेने पोचायला हवं. 2023 मध्ये विधी आयोगाने संमतीचं वय अठराच ठेवून सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशांना सौम्य शिक्षेची मुभा सुचवली. ती सवलत खटल्याच्या शेवटी मिळणार. मुलीला आधार हवा तो डॉक्टरच्या टेबलापाशी.

म्हणून आमचं मत असं: सोळाखाली कळवण्याची सक्ती जशीच्या तशी राहावी. सोळा ते अठरात जबरदस्ती, वयातलं मोठं अंतर किंवा मुलीवर दुसऱ्याचा अधिकार दिसत नसेल, तर उपचार आणि गर्भनिरोधक देणाऱ्यावर गुन्हा होऊ नये. यात धोका आहे. धाकाखालची मुलगीही ‘माझ्या मर्जीने’ म्हणेल. त्यामुळे समुपदेशकाने तिला एकटीला भेटावं, सोबत आलेल्यांना बाहेर बसवावं, आणि शंका आली तर पुन्हा बोलवावं. एवढा वेळ देता येईल इतकी समुपदेशकांची पदं आधी भरावी लागतील.