महागड्या वेटसूटने किती वेळ वाचतो?

मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिचची आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली आणि त्यानंतर महाराष्ट्रात या खेळाचे वेड झपाट्याने पसरले. पुणे, कोल्हापूर, नाशिकचे डॉक्टर, पोलीस अधिकारी, उद्योजक ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे यासाठी पहाटे चारचा गजर लावू लागले. सायकलवर पैसा ओतून झाला की पाळी येते वेटसूटची. युरोपातल्या स्पर्धेचे शुल्क भरलेले असते, जुना सूट बरा चाललेला असतो, तरी सोबतचा कोणीतरी सांगतो, ‘वरचा घे, पाण्यात उतरताच फरक कळेल.’ साधा सूट साधारण पंधरा-वीस हजारांत येतो, वरच्या श्रेणीतला लाखाच्या घरात जातो. फरक कळतो, हे खरे. पण तो कितीचा, हा हिशेब फारसे कोणी मांडत नाही.

गोव्यातल्या स्पर्धेपुरता तर प्रश्नच उद्भवत नाही. आयर्नमॅनच्या नियमांनुसार पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच हौशी स्पर्धकाला वेटसूट घालून बक्षिसाच्या शर्यतीत राहता येते. मिरामारचा समुद्र त्यापेक्षा बराच कोमट असतो आणि तशा पाण्यात रबरी सूट घालून जोरात पोहणे म्हणजे अंगातली उष्णता कोंडून घेणे. वेटसूट लागतो तो हॅम्बुर्ग, कोपनहेगनसारख्या ठिकाणी.

तिथे तो दोन कामे करतो. निओप्रीन या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे बंदिस्त असतात. त्यामुळे ऊब टिकते आणि शरीर तरंगते. दुसरे काम वेगाच्या दृष्टीने मोलाचे. तिशी-चाळिशीत पोहायला शिकलेल्यांचे पाय पाण्यात खाली लोंबतात आणि नांगरासारखे मागे ओढतात. सूट त्यांना वर उचलतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८९ मध्ये मोजले तेव्हा नेहमीच्या शर्यतीच्या वेगाला पाण्याचा अवरोध सुमारे १४ टक्क्यांनी घटला होता. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचे शरीर मुळातच पाण्यावर आडवे राहते, अशा कसलेल्या जलतरणपटूंना वेटसूटचा लाभ थोडा आणि इतर ट्रायथलीटना जास्त.

पण हा लाभ ‘वेटसूट आहे’ आणि ‘वेटसूट नाही’ यांतला आहे. स्वस्त आणि महाग यांतला नव्हे. जाहिरातीत नेमकी इथेच गल्लत होते. नियमाने सूटची जाडी ५ मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि मांडी-छातीवर ही मर्यादा बहुतेक स्वस्त सूटही जवळपास गाठतात. लाखभर रुपयांत जास्तीचे मिळते ते खांद्यापाशी दीड मिलिमीटरचे लवचीक रबर, सहज ताणले जाणारे अस्तर, पाण्यात निसटणारा लेप आणि काही सुटांत हवेचे वेगळे कप्पे.

आता साधे गणित. हाफ आयर्नमॅनमधले १.९ किलोमीटर ४५ मिनिटांत पोहणारा माणूस घ्या. सुटाविना पोहण्याच्या तुलनेत सूट पाच टक्के वेळ वाचवतो असे धरले तर सव्वादोन मिनिटे झाली. ती पंधरा हजारांतही मिळतात. महागड्या सुटाने त्यावर आणखी एक टक्का दिला, असे उदारपणे मानले तरी २७ सेकंद. हाच माणूस खुल्या पाण्यात डोके वर काढून दिशा न पाहता वेडावाकडा शंभर मीटर जास्त पोहला, तर दोन मिनिटांहून जास्त गमावतो. तिरके जायची खोड मोडायला महिनाभर खुल्या पाण्याचा सराव आणि एक बरा कोच पुरतो.

तरीही महागडा सूट काहींना शोभतो. ज्याचा हात चांगला फिरतो आणि साध्या सुटाचे जाड रबर दर फटक्याला खांदा मागे खेचते, त्याला ३.८ किलोमीटरच्या अखेरीस हा फरक नक्की जाणवतो. नवशिक्याला मात्र पातळ, लवचीक सुटाचा उपयोग कमी. शिवाय हे रबर नखानेही फाटते.

याहून गंभीर बाब आहे ती मापाची. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यातल्या ९० पोहण्याच्या टप्प्यात घडलेल्या आढळल्या. बहुतांश पुरुष, सरासरी वय सत्तेचाळिशीच्या जवळ. दोष वेटसूटचा, असे त्यातून म्हणता येत नाही. पण थंड पाण्याचा पहिला धक्का बसतो, श्वास अडखळतो, त्वचेकडचे रक्त छातीकडे सरकते. अशा वेळी छाती-गळ्याशी आवळलेला सूट म्हणजे घाबरण्याला आणखी एक निमित्त. काहींच्या फुप्फुसांत पाणीही साचते. धाप लागून खोकला आणि गुलाबी फेस आला तर लगेच थांबून मदत मागावी. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ही लक्षणे मुद्दाम लक्षात ठेवावीत.

कंपन्यांचे तक्ते उंची आणि वजनावर बेतलेले असतात. उंची बेताची, हात-पाय सडपातळ आणि पोट जरा पुढे, असा आपल्याकडचा मध्यमवयीन स्पर्धक हमखास दोन मापांच्या मधोमध अडकतो. नेटवरून लाखाचा सूट मागवण्यातला खरा धोका हाच. अंगाला बसणारा स्वस्त सूट न बसणाऱ्या महागड्यापेक्षा वेगवान असतो. कंबरेपाशी किंवा काखेत पाणी साचले की सगळे तंत्रज्ञान त्या पाण्याची पिशवी ओढण्यात खर्ची पडते. घालताना मांड्यांपाशी रबर पुरेसे वर ओढले नाही तरी खांदे आवळतात, आणि दोष मात्र सुटाच्या किमतीला दिला जातो.

परदेशातल्या अनेक स्पर्धांच्या ठिकाणी सूट भाड्याने मिळतात. दोन दिवस आधी पोहोचून साधा आणि महाग दोन्ही घालून पाहावेत, दीर्घ श्वास घ्यावा, चारशे-चारशे मीटर पोहावे आणि घड्याळ पाहावे. जो अंगात आहे हे दहाव्या मिनिटाला आठवतही नाही, तोच घ्यावा. बऱ्याचदा तो स्वस्तातला निघतो.