सर, स्लाईड बदलू नका

पाश्चात्य कलेचा इतिहास या विषयात मी पहिल्या वर्षी नापास झालो. १०० पैकी २९. हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना पुढचं सगळं नापास पोराचं रडगाणं वाटणार असेल त्यांनी इथंच पान उलटावं. बाकीच्यांनी थांबावं. कारण या एका पेपरावर माझ्या डोळ्यांदेखत आपली तीन पोरं अडकली. त्यातला एक तर वर्गात सगळ्यात भारी रेघ मारणारा. दोनदा केटी लागली आणि तो गावाकडं निघून गेला. आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याला चित्र येत नव्हतं असं कुणीच म्हणत नाही. त्याला ‘थिअरी’ येत नव्हती.

तर ही थिअरी कशी शिकवतात ते सांगतो.

वर्गात अंधार. पडद्यावर चित्र. सर बटन दाबतात. नाव, साल, शैली. गॉथिक, रेनेसाँ, बरोक, रोकोको. पुन्हा बटन. आम्ही मोबाईलच्या उजेडात लिहून घेतो. पुस्तकं इंग्रजीत, तीही कपाटात, कपाटाला कुलूप. अशाच एका दुपारी पडद्यावर दोन माणसं आली. एक म्हातारा गुडघ्यावर बसून हातोडा उचलतोय. एक पोरगा खडीची टोपली मांडीवर पेलून उचलतोय. अंगावरची कापडं फाटलेली. दोघांचीही तोंडं दिसत नाहीत. सर म्हणाले, “गुस्ताव कुर्बे, द स्टोन ब्रेकर्स, १८४९, रिअॅलिझम.” आणि बटनाकडं हात गेला.

माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, स्लाईड बदलू नका.”

वर्ग हसला. सर म्हणाले, “परीक्षेला एवढंच लागतं.” स्लाईड बदलली.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. सगळा गाव होता. सरकारी कामावर रस्त्याच्या कडेला ओळीनं बाया बसायच्या, पोरं शेजारी धुळीत, आणि पोटाला सुकडी. मी ते चित्र मोबाईलवर मोठं करून तिला दाखवलं. कुणाचं, कुठलं काही सांगितलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यो म्हातारा असा एका गुडघ्यावर किती येळ बसंल? दिसभर बसायचं तर बूड टेकावं लागतंय.” मग पोराकडं बोट दाखवून म्हणाली, “ह्येचा खांदा जातोय बघ.” मी विचारलं, “आजी, तोंडं का दाखवली नसतील गं?” ती म्हणाली, “मुकादमाला तरी आमची तोंडं कुठं ठावं व्हती? त्येला खडी दिसायची.”

आमच्या नोट्समध्ये या चित्रावर दोन ओळी होत्या. माझ्या अडाणी आजीनं पाच मिनिटांत त्याहून जास्त सांगितलं. आता सांगा, थिअरी कुणाला येत नाही?

पण नुसतं आजीचं कौतुक करून भागत नाही. तिला जे दिसलं ते पुरं समजायला मला इतिहासच वाचावा लागला. पॅरिसमध्ये १६४८ साली राजाच्या आश्रयानं चित्रकारांची अकादमी निघाली. तिच्यासाठी फेलिबियाँ नावाच्या पंडितानं १६६७ च्या सुमारास चित्रांची उतरंड लिहून काढली. सगळ्यात वर देवादिकांची, राजांची, पुराणांची चित्रं. त्याखाली व्यक्तिचित्रं. मग जनावरं, मग निसर्ग, आणि सगळ्यात तळाला फळं, फुलं, भांडीकुंडी. साध्या माणसाच्या रोजच्या जगण्याचं चित्र म्हणजे खालच्या दर्जाचं काम, ते लहान आकारात काढायचं. भला मोठा कॅनव्हास फक्त वरच्यांसाठी.

वाचताना मी थांबलोच. ही उतरंड आपल्याला नवी आहे का? फरक आहे, तोही सांगायला पाहिजे. तिथं चित्रकार एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाऊ शकत होता, आपल्याकडं जन्मालाच शिक्का बसतो. पण कोण बघण्यालायक आणि कोण नाही, हे वरच्यांनी बसून ठरवायचं, ही रीत तीच.

कुर्बेनं खडी फोडणाऱ्यांना अडीच मीटरहून रुंद कॅनव्हास दिला. माणसं जवळजवळ खऱ्या आकाराची. हा गुन्हा होता. आणि वेळ बघा. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला, जूनमध्ये रस्त्यावर उतरलेल्या कामगारांना नव्या सरकारनं गोळ्या घातल्या. त्यानंतर दीड वर्षात हे चित्र काढलं गेलं आणि १८५०-५१ च्या सरकारी प्रदर्शनात भिंतीवर लागलं. पांढरपेशांना ज्या हातांची भीती बसली होती तेच हात समोर. सालं पाठ करायची ती यासाठी. १८४८ ठाऊक नसेल तर १८४९ हा नुसता आकडा आहे. आम्हाला आकडा दिला आणि त्याच्या मागचं रक्त पुसून दिलं.

याच कुर्बेला पुढं १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये भाग घेतला म्हणून सहा महिन्यांची शिक्षा झाली. व्हांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडल्याबद्दल ३ लाख २३ हजार फ्रँकांचं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं. तो स्वित्झर्लंडला पळाला आणि १८७७ मध्ये तिथंच मेला. मूळ चित्रही आता नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनजवळच्या बॉम्बफेकीत ते जळालं. आपण बघतो ती त्याची छापील सावली. यातलं एक अक्षर वर्गात नव्हतं.

आता माझ्या २९ मार्कांबद्दल. पेपरात मिलेचं ‘ग्लीनर्स’ आलं होतं. सर त्याला ‘धान्य वेचणाऱ्या स्त्रिया’ म्हणायचे. मी लिहिलं, सरवा वेचणाऱ्या बाया. शेत कापून झाल्यावर मागं पडलेली कणसं गरिबानं वेचायची, तो सरवा. त्या चित्रात पुढं तीन बाया वाकलेल्या, आणि मागं लांब मालकाच्या धान्याच्या गंजी, आणि उजवीकडं बारीकसा, घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस. मी दोन पानं त्या घोडेस्वारावर लिहिली. तो एवढा लहान का, आणि लहान असूनही सगळं चित्र त्याच्या नजरेखाली का, यावर. १० पैकी २ मार्क. शेजारी शेरा, “विषयांतर”. मी साल लिहिलं नव्हतं, ही माझी चूक. १८५७. आता मेलो तरी विसरणार नाही. त्याच साली मुंबईत जे. जे. ची कलाशाळा सुरू झाली. इंग्रजांनी इथं अशा शाळा काढल्या तेव्हा युरोपातल्या पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे बोटीतून आणले आणि आपल्या पोरांना ते घोटायला बसवलं. या पेपराची मुळं तिथं आहेत.

आता आपल्याच मित्रांशी भांडायचंय. चळवळीतले काही दोस्त म्हणतात, “सोड रे ती गोऱ्यांची चित्रं. बुर्ज्वांच्या दिवाणखान्यातला माल. आपल्या भाकरीशी काय संबंध?” दोस्तहो, हे बोलणं ऐकायला लढाऊ वाटतं, पण आतून पळपुटं आहे. ज्ञान त्यांचं, कपाट त्यांचं, किल्लीही त्यांची, आणि आपण बाहेरून म्हणायचं, आम्हाला नकोच होतं! हजारो वर्षं आपल्याला दाराबाहेर ठेवलं. आता आपणच आपल्याला दाराबाहेर ठेवायचं का?

आणि त्या इतिहासात फक्त गोरे मालकच आहेत हे सांगितलं कुणी? मालकांनीच सांगितलं. तुम्ही त्यांचं ऐकताय.

हुआन दे पारेखा हे नाव लक्षात ठेवा. स्पेनच्या राजाचा चित्रकार वेलास्केथ, त्याचा हा गुलाम. रंग वाटणारा, कॅनव्हास ताणणारा. १६५० मध्ये वेलास्केथनं रोममध्ये त्याचं चित्र काढलं. तांबूस काळा चेहरा, पांढरी झालरीची कॉलर, आणि नजर अशी की बघणाऱ्यानंच मान खाली घालावी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालकानं त्याच्या मुक्तीच्या कागदावर सही केली. अट काय, तर अजून चार वर्षं सेवा करायची! हेच चित्र १९७० मध्ये लंडनच्या लिलावात २३ लाख १० हजार पौंडांना गेलं. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

वर्गात गोष्ट इथं संपते, वेलास्केथच्या ब्रशच्या कौतुकात. पण पारेखा स्वतः चित्रकार होता. १६६१ चं त्याचं मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. संत मॅथ्यूला येशू बोलावतोय. डाव्या टोकाला पारेखानं स्वतःला उभं केलंय, हातात कागद, कागदावर स्वतःची सही. मात्र वेलास्केथच्या चित्रातल्या चेहऱ्याहून इथला चेहरा उजळ आहे. मी ती दोन्ही चित्रं शेजारी ठेवून रात्रभर बघितली. शहरात येऊन आडनाव बदलणारे, खोली भाड्यानं घेताना गावाचं नाव खोटं सांगणारे आपले लोक डोळ्यांपुढं आले. त्यांना शिव्या देणं सोपं आहे. पारेखाच्या मनात काय होतं ते त्याच्याबरोबर गेलं. पण सही त्यानं लपवली नाही.

न्यूयॉर्कमधला काळा इतिहास-संशोधक आर्तुरो शोम्बर्ग १९२६ मध्ये युरोपला गेला आणि माद्रिदमध्ये याच पारेखाचं चित्र शोधून त्यानं बघितलं. काळ्यांना इतिहास नसतो, असं लहानपणी शाळेत त्याला ऐकवलं गेलं होतं, असं सांगतात. मेट्रोपॉलिटननं पारेखावर स्वतंत्र प्रदर्शन भरवलं ते २०२३ मध्ये. मधली ९७ वर्षं मोजा. आधी आपल्या माणसानं शोधायचं, मग संस्थेनं दिवा लावायचा.

हे सगळं मी एका मैत्रिणीला तावातावानं सांगत होतो. तिनं शांतपणे विचारलं, “यात बाई कुठंय?” मी गप्प. मग तिनंच सांगितलं. १७६८ मध्ये लंडनची रॉयल अकादमी निघाली तेव्हा संस्थापकांत दोन बाया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढं झोफानीनं सभासदांचं चित्र काढलं. समोर नग्न मॉडेल बसलाय आणि पुरुष सभासद भोवती उभे आहेत. त्या दोघी भिंतीवर, फ्रेममध्ये टांगलेल्या! कारण नग्न मॉडेलसमोर बायांना प्रवेश नव्हता. त्या अकादमीत मुलींना असा वर्ग मिळाला तो १८९३ मध्ये, आणि तोही मॉडेलला कापड गुंडाळून. शरीर काढायला शिकू द्यायचं नाही, मोठं चित्र शरीराशिवाय होत नाही, आणि मग विचारायचं, बायांत थोर चित्रकार का नाहीत? लिंडा नॉकलिननं १९७१ मध्ये हाच प्रश्न उलटा करून संस्थांच्या तोंडावर मारला. गोम्ब्रिखच्या ज्या जाड पुस्तकावर जगभरची पोरं हा विषय शिकली, त्याच्या १९५० च्या पहिल्या आवृत्तीत एकही बाई चित्रकार नाही.

मेरिट मेरिट म्हणून जे आपल्या कानांवर आदळतात त्यांच्यासाठी हे उदाहरण खिशात ठेवा. आधी दार बंद करायचं, मग बाहेरच्याला नालायक म्हणायचं. आणि आपणही ऐकून ठेवू. आपल्या बैठकांत बाया किती बोलतात? की आपणही त्यांना भिंतीवर टांगलंय?

मी दुसऱ्या खेपेला पास झालो. सालं पाठ केली, शैल्या पाठ केल्या. त्याची लाज नाही. पेपर पास व्हायचंच. पण पेपर असाच राहू द्यायचा नाही. मागणी साधी आहे. कपाटाचं कुलूप काढा. मराठीत धड पुस्तकं आणा. इंग्रजी स्पेलिंग चुकलं म्हणून चित्र कळलेल्या पोराला पाडू नका. आणि प्रत्येक स्लाईडला नाव, साल, शैली यांच्याबरोबर तीन प्रश्न जोडा. पैसे कुणी दिले? राबलं कोण? चौकटीबाहेर कुणाला ठेवलं?

कॉलेज ऐकेल तेव्हा ऐकेल. आपण थांबायचं कारण नाही. २०१७ पासून मेट्रोपॉलिटननं आपल्याकडची लाखो चित्रं फुकट खुली केली आहेत. पारेखाचा चेहरा आपल्या वस्तीतल्या फुटक्या मोबाईलवरही बघता येतो. आम्ही चौघांनी मिळून एक जुना प्रोजेक्टर मिळवलाय. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता, समाजमंदिराची मागची भिंत. पाट्या रंगवणाऱ्या त्या दोस्तालाही निरोप धाडलाय, भाड्याचे पैसे आम्ही देऊ म्हणून. त्यानं ये म्हटलं की येतो असं कळवलंय.

पहिलं चित्र खडी फोडणाऱ्यांचं आहे. आजी पुढच्या ओळीत बसणार आहे. तिचं बोलणं संपेपर्यंत स्लाईड बदलणार नाही.