‘असणार की!’

फराळाचे ताट समोर असताना भांडण उकरून काढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण भांडण घरातलेच आहे.

गेल्या सुट्टीत माझा साताऱ्याचा भाचा जुन्या संगणकासाठी स्वतःचे लिनक्स कर्नल बांधायला बसला. कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावरील कार्यक्रम यांच्यामधला कारभारी. तो बांधताना प्रत्येक उपकरणाविषयी प्रश्न येतो: याची सोय पोटातच करायची, गरजेपुरती बाजूला ठेवायची, की गाळायची? नुसते एंटर दाबले, तर आधीच लिहून ठेवलेले उत्तर, म्हणजे ‘डिफॉल्ट’, लागू होते. चिरंजीवांनी शेवटपर्यंत एंटरच दाबले. यंत्र सुरू केले, तर कर्नलला हार्ड डिस्कच सापडेना!

“मामा, करणाऱ्यांनी ठरवलंय ते बरोबरच असणार की!”

माझे भांडण आहे ते या ‘असणार की’शी. करणारे शहाणे आहेत, हे मला मान्य आहे. पण त्यांचाच दंडक असा, की खास कारण नसेल तर नव्या सोयीचे उत्तर ‘नको’ असावे, एरवी कर्नल उगाच फुगेल. आता सांगा, तुमच्या घरची डिस्क त्यांनी कधी पाहिली होती? ज्याला तयार कर्नल पुरते, त्याने ते खुशाल वापरावे. पण स्वतः बांधायला बसायचे आणि उत्तरे मात्र परक्याची घ्यायची, याला काय म्हणावे?

ही खोड जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. हेही वाडवडिलांनी लिहून ठेवलेले उत्तरच, आणि ते कोणी तपासले नव्हते. नांगर घालून पाहिला, तेव्हा कुठे ते खोटे ठरले. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात त्याची साक्ष देत उभी आहे.

लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स लिहिले, तेव्हा तोही विद्यार्थीच होता. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांचे लिनक्स मंडळच आहे. तेव्हा आमच्या पोरांना हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये.

भाच्याने मग यंत्रातल्या उपकरणांची यादी काढली आणि एकेक प्रश्न वाचून उत्तर दिले. संध्याकाळी डिस्क सापडली. एंटर त्याने तेव्हाही दाबलेच, पण वाचून!