सांबऱ्याची मते आधी मोजा

संपादक महाशय,


सीमाभागातला मराठी मतदार संपला, असा निकाल आपल्या अंकातील लेखाने देऊन टाकला. लेखकाने विजेते पाहिले, मते पाहिली नाहीत. आमचा सांबरा बेळगाव ग्रामीणमध्ये येतो. २०१३ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीचे मनोहर किणेकर दीड हजाराहूनही कमी मतांनी हरले. २०२३ च्या पराभवातही समितीला ४० हजारांच्या आसपास मते होती. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजार मते पडली. संपलेल्या मतदारांनीच दिली म्हणायची!

समितीत फाटाफूट आहे, एवढे मान्य. पण लोकसभेला कमळ आणि विधानसभेला समिती, यात अस्मिता विकण्यासारखे काय आहे? ग्रामपंचायतीला तर पक्षचिन्हच नसते. तिथे भावकी, गल्ली आणि तुंबलेले गटार बघून शिक्का पडतो. शेताचा कन्नड उतारा नातवाकडून वाचून घेणारा म्हातारा मराठी विसरलेला नाही. सांबऱ्याच्या विमानतळावरून थेट शहर गाठणाऱ्यांना तो दिसायचा नाही.

पुढच्या लेखाआधी लेखकाने बूथवार आकडे काढावेत.

आपला,
एक मतदार, सांबरा