अलिबाग एका दिवसात ‘होत’ नाही

‘अलिबाग वन डे ट्रिप : या १० गोष्टी चुकवूच नका.’ हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं आहे. वाचलं नसेल तर ३० सेकंदांत पाहिलेलं आहे, मागे तेच गाणं लावलेलं. सकाळी गेटवेवरून लाँच, मांडव्याहून बस, कुलाबा किल्ला, नागावला बनाना राईड, सुरमई थाळी, वरसोलीला सूर्यास्त, रात्री घर. काही शूर लोक यातच काशीद, मुरूड आणि जंजिराही बसवतात. जंजिरा अलिबागपासून पन्नासेक किलोमीटर आहे आणि मधला रस्ता कोकणातला आहे, एवढं तरी यादी लिहिणाऱ्याने नकाशावर बघायला हवं होतं.

मी अलिबागची. नोकरीसाठी मुंबईत राहते, त्यामुळे ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठवड्याला एक तरी मेसेज ठरलेला : ‘शनिवारी चाललोय, एका दिवसात काय काय होईल?’ विचारणारी माणसं चांगली असतात, मित्रच असतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्या ‘काय काय होईल’शी आहे. पोळ्या होतात, धुणं होतं, तसं गाव ‘होत’ नाही. आणि या यादीमुळे आमच्या गावाचं नुकसान होतं ते नंतर बोलू, आधी फसवणूक तुमचीच होते. कारण यादी चालते मोबाईलच्या घड्याळावर आणि अलिबाग चालतं भरती-ओहोटीवर.

किल्ल्याचंच बघा. प्रत्येक यादीत लिहिलेलं असतं, ‘ओहोटीच्या वेळी किल्ल्यात चालत जाता येतं.’ वाक्य खरं आहे. पण ओहोटी किती वाजता, हे कुणी लिहीत नाही. कसं लिहिणार? ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मग ‘सकाळी ११ वाजता किल्ला’ असं छापून टाकायचं. माणसं ११ वाजता किनाऱ्यावर येतात, समोर पाणीच पाणी, किल्ला मध्ये तरंगल्यासारखा. मग फोटो काढायचा, ‘क्लोज्ड होता’ म्हणायचं आणि नागावला पळायचं. किल्ला क्लोज्ड नव्हता हो, समुद्र आलेला होता.

माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण तिला भरतीची वेळ विचारली की ती आधी विचारायची, ‘आज तिथी काय?’ हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवा की ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी १२ ला येते, पण ती भांगाची; पाणी फार मागे जातच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांबवर ओसरतं, पण ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी. मधल्या दुपारी, म्हणजे नेमकं तुम्ही पोचता तेव्हा, भरती. मुंबईहून सकाळी निघून निवांत किल्ला बघायचा तर द्वादशी-त्रयोदशी बरी, तीन-चारच्या सुमारास ओहोटी मिळते. हा अंदाज झाला. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतं, ते फोनवरही दिसतं. बुकिंग करण्याआधी ते उघडायला दोन मिनिटं लागतात. मी तर म्हणते, तारीख ठरवण्याआधीच उघडा. आपण विकेंड ठरवतो आणि मग समुद्राने त्यात बसावं अशी अपेक्षा करतो.

हे नुसतं हुकलेल्या फोटोपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ ला याच जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून एका दिवसाच्या सहलीला आलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली. कुणाच्याही चुकीचा हिशेब मला इथे मांडायचा नाही. पण दरवर्षी कोकणात अशा बातम्या येतात, आणि त्यात ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे शब्द इतके ठरलेले असतात की डोळे त्यावरून घसरून जातात. पाण्याचा अंदाज ‘येत’ नसतो, घ्यावा लागतो. कुलाबा किल्ल्यात रेंगाळलेल्या माणसांना घोडागाडीवाले हाका मारून बाहेर काढतात, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. लोकांना वाटतं, पुढचं गिऱ्हाईक हवंय म्हणून घाई करतोय. ते तर असतंच. पण पाणी फिरलेलंही त्यालाच आधी दिसतं.

आणि किल्ल्यात पोचल्यावर यादी काय सांगते? ‘सुंदर व्ह्यू’. ज्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षी, १६८० मध्ये सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, जिथून कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही जेरीला आणलं, ज्याच्यावर १७२१ मध्ये त्या दोघांनी मिळून चाल केली आणि हात हलवत परत गेले, तिथे बघायचं काय, तर व्ह्यू. तटाचे दगड बघा ना. मोठमोठे चिरे एकमेकांवर नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं आणि जोर मोडतो. तीनशे चाळीस वर्षं हा तट पाण्यात उभा आहे. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे. यासाठी अर्धा तास पुरत नाही. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांची समाधी गावात आहे, किनाऱ्यापासून चालण्याच्या अंतरावर. तिथे मला शनिवारीसुद्धा कधी गर्दी दिसलेली नाही.

खरं तर अलिबागची माझी सगळ्यात आवडती गोष्ट यादीत येऊच शकत नाही, कारण तिच्यासोबत सेल्फी निघत नाही. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकात वेधशाळा होती, तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी व्हायची. मग मुंबईत विजेवरची ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या तारा आल्या की त्या नाजूक सुया बिथरणार, नोंदी वाया जाणार. म्हणून जवळपासची शांत जागा शोधली गेली आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा धागा तुटू नये. इमारती बांधताना लोखंड टाळलं. कुलाब्याहून निघालेली वेधशाळा दुसऱ्या कुलाब्यासमोर येऊन वसली. तिथल्या नोंदींची मालिका जगातल्या जुन्या मालिकांमध्ये मोजली जाते. आत कुणालाही सहज जाता येत नाही, आणि येऊही नये. पण किनाऱ्याकडे जाताना ती कुठे आहे हे माहीत असावं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईचा गोंगाट टाळायला पहिलं आलं ते एक यंत्र. आता त्याच कारणासाठी तुम्ही येता आणि येताना ब्लूटूथ स्पीकर घेऊन येता.

इस्रायल आळीचंही तसंच. अलिबागच्या भर वस्तीत ‘मागेन आबोथ’ नावाचं सिनेगॉग आहे. बेने इस्रायली लोक कोकणात शेकडो वर्षं राहिले, तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिथे जाऊन त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. तुमची गाडी नागावच्या बनाना राईडकडे जाताना अक्षीवरून जाते. तिथे शिलाहारांच्या काळातला एक मराठी शिलालेख सापडला. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला. त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण आपण ज्या भाषेत ‘भावा, लोकेशन पाठव’ म्हणतो तिच्या सगळ्यात जुन्या लेखांच्या चर्चेत अक्षीचं नाव येतंच. मांडव्याजवळच्या सासवण्यात शिल्पकार करमरकरांचं घर आहे, त्यांच्या शिल्पांनी भरलेलं. पुण्यातला छत्रपतींचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. मांडव्याला उतरणारी किती माणसं तिथे थांबतात?

आता कुणी म्हणेल, हे सगळं घालून नवी यादी कर : ‘अलिबागमधल्या १० हिडन जेम्स’. नको! ‘हिडन जेम’ हा शब्द मला बनाना राईडपेक्षा जास्त छळतो. इस्रायल आळी कुणापासून लपलेली आहे? तिथे माणसं राहतात, दूध घ्यायला जातात. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणजे ते लपलं होतं, असं समजणं हे मुंबईचं जुनं दुखणं आहे. त्याच दुखण्यातून ‘अलिबाग से आया है क्या?’ हे वाक्य आलं. अर्थ काय, तर जगाची खबर नसलेला बावळट. या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्याकडचा एक माणूस उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका अशा अर्थाचं काहीतरी सांगून. मला निकालाशी भांडायचं नाही, बंदीने वाक्यं मरत नाहीत. गंमत एवढीच वाटते की भरती कधी आणि ओहोटी कधी हे ज्याला कळतं तो बावळट, आणि वाळूत गाडी घालून, चाकं रुतल्यावर पाणी चढताना ‘ट्रॅक्टर मिळेल का’ विचारत धावतो तो हुशार.

‘पण पर्यटनावरच तर तुमचं पोट आहे.’ हा मुद्दा दरवेळी येतो आणि तो खोटा नाही. खानावळी, घोडागाड्या, रिक्षा, घरगुती राहण्याच्या सोयी, सगळं तुमच्यावर चालतं. म्हणूनच मी ‘येऊ नका’ असं म्हणत नाही. उलट एका दिवसासाठी येणारा माणूस मला मनापासून आवडतो. तो लाँचने येतो, खानावळीत जेवतो, रिक्षा करतो, संध्याकाळी परत जातो. जमीन घेत नाही. मांडव्यापासून खाली किनाऱ्याच्या गावांतून एकदा चालत जाऊन बघा. उंच भिंती, बंद गेटं, आत वर्षातले पंधरा दिवस वापरात असलेला बंगला. पूर्वी जिथून वाडीतून थेट पुळणीवर जाता यायचं, तिथे आता वळसा पडतो. वडखळवरून रस्त्याने आलात तर पेझारीजवळ चरी लागतं. तिथल्या कुळांनी १९३३ ते १९३९, अशी सहा वर्षं, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली खोतांविरुद्ध संप केला. जमीन कसायचीच नाही, असा संप. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी होते. कसणाऱ्याच्या हक्कासाठी ज्या तालुक्याने सहा वर्षं पोटाला चिमटा काढला, त्याच तालुक्यातली जमीन आता ‘मुंबईपासून तासाभरावर’ या जाहिरातीखाली विकली जाते. विकणारेही आमचेच, हे मला माहीत आहे. शेतीत काय उरलंय हेही माहीत आहे. पण वन डे ट्रिपची यादी आणि प्लॉटची जाहिरात यांची भाषा एकच आहे, हे एकदा शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत गाव नसतंच. असतो फक्त समुद्र आणि मुंबईपासूनचं अंतर.

मग शनिवारी काय करायचं? एकच गोष्ट ठरवून या. किल्ला ठरवला तर कोष्टक बघून या आणि ओहोटीआधी तासभर पाण्याच्या काठाला बसा. कुलाब्याभोवतीची वाट हळूहळू वर येताना बघण्यात जी मजा आहे ती जेट स्कीत नाही. किल्ला जमत नसेल तर गावात फिरा. बाजारात जा, सुकी मासळी घ्या, वास येतो म्हणून घरच्यांच्या शिव्या खा. थाळी खायची तर ‘सुरमई आहे का’ विचारू नका, ‘आज काय आलंय’ विचारा. मांदेली आली असतील तर मांदेली खा. पोपटी खायची असेल तर थंडीत या आणि रात्री राहा. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरलेलं मडकं दुपारी दोन वाजता कुणी लावत नाही.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आलात तर परत जाताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपतो, तेव्हा विकणाऱ्या मावशींना कुठल्या गावचा ते विचारा. कार्ले किंवा खंडाळे म्हणाल्या तर भाव करू नका. माळ पिशवीत कोंबायची नाही, हातात धरून न्यायची. आणि मांडव्याची शेवटची लाँच किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा, कारण तीही तुमच्यासाठी थांबत नाही.