कोणत्या गावची भाजी?

आपल्या ताटातील भाजी कोणाच्या मळ्यातून आली, अंडे कोणाच्या खुराड्यातून आले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? पूर्वी हा प्रश्न विचारावा लागत नसे. आज तो मुद्दाम विचारला पाहिजे, असे मला वाटते.

तो विचारण्याची उत्तम जागा म्हणजे आठवड्याचा बाजार. पावसाळा सुरू होताच ठाणे-रायगडकडील बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू या रानभाज्या घेऊन येतात. उन्हाळ्यात तेथेच अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकू लागतात. शहरांतही आता शेतकरी बाजार भरतात. 2016 साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याला आपला माल थेट ग्राहकाला विकणे सोपे झाले.

मात्र बाजारात बसलेला प्रत्येक विक्रेता शेतकरी नसतो. कित्येकांचा माल दूरच्या मंडईतून येतो. म्हणून विचारावे, "मावशी, भाजी कोणत्या गावची? कधी काढली?" जिने ती स्वतः खुडली असेल, ती उत्तर तर देईलच, शिवाय भाजी कशी करावी हेही सांगेल!

जवळच्या मालाचा लाभ उघड आहे. लांब धाडायचे टोमॅटो कच्चे असतानाच तोडावे लागतात. जवळचे झाडावर पिकू देता येतात. अंड्याची परीक्षा तर घरीच होते. त्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतील ओलावा हळूहळू उडून जातो व आतील हवेची पोकळी वाढते. म्हणून पाण्यात ताजे अंडे तळाशी आडवे राहते. फार जुने तरंगते.

कोणी म्हणेल, "दुकानात सर्व काही बारा महिने मिळते, मग ही खटपट कशाला?" दुरून काहीच आणू नये, असे माझे म्हणणे नाही. नागपूरची संत्री कोकणात कशी पिकणार? परंतु जे आपल्या शिवारात पिकते, त्याला आपणच विचारले नाही, तर ते पिकवणार कोण? कांदा काही आठवडे टिकतो. मेथीची जुडी दुसऱ्या दिवशीच कोमेजते. दिवेलागणीला न विकलेली पाटी डोक्यावर घेऊन परतणाऱ्या बाईचे दिवसभराचे श्रम वाया जातात. तिच्याशी एका रुपयासाठी घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन आईवडिलांबरोबर जा आणि तो एक प्रश्न अवश्य विचारा.